तारेची घाई नेमकी कुणाला?

नाशिकहून एका आईने लिहिलं आहे. मुलगी साडेआठ वर्षांची, तिसरीत. शाळेतल्या दंततपासणी शिबिरानंतर वहीतून चिठ्ठी आली: दात वेडेवाकडे आहेत, ऑर्थोडॉन्टिस्टला (तार लावून दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना) दाखवा. वरच्या पुढच्या दोन दातांत फट आहे, खालचे दात एकमेकांवर चढलेत, ‘आणि दात मिटले की वरचा उजवीकडचा एक दात खालच्या दातांच्या आत जातो’, असंही त्या ओघात सांगतात. पहिले डॉक्टर म्हणाले, आत्ताच सुरू करू, दोन टप्पे लागतील, पहिल्या टप्प्याचे ४५,००० रुपये. दुसरे म्हणाले, बारा वर्षांची झाली की या. सासूबाईंचं म्हणणं, दुधाचे दात पडू द्या, सगळं आपसूक नीट होतं. पुण्याच्या जाऊबाईंच्या मुलीला नवव्या वर्षीच तार लागली, त्यामुळे तिथून रोज फोन. नवरा म्हणतो, तू ठरव. वर्गातली मुलं लेकीला ‘खिडकी’ म्हणतात; लेक मात्र त्या फटीतून शिट्टी वाजवायला शिकली आहे. ‘माझ्या लहानपणी कुणी लक्ष दिलं नाही. मी अजून हसताना तोंडावर हात धरते. उशीर केला तर तिचं कायमचं नुकसान होईल का? आणि घाई केली तर पैसे पाण्यात जातील का?’

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मीही तुमच्या घरातल्या सगळ्यांसारखी त्या फटीतच अडकले. दुसऱ्या वेळी ‘एक दात आत जातो’ हे वाक्य नजरेत भरलं आणि म्हटलं, अरे, खरी गोष्ट इथे आहे. वर्गात दंगा करणाऱ्या पोराकडे सगळ्यांचं लक्ष असतं आणि ज्याला ताप भरलाय ते मागच्या बाकावर गप्प बसलेलं असतं, तसं झालंय. त्या दाताकडे मी येतेच.

आधी माझं सांगते, म्हणजे माझ्या मताला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी तार लावणारी डॉक्टर नाही, साधी दंतवैद्य आहे. दाढा भरते, काढते, आणि तारेची मुलं ऑर्थोडॉन्टिस्टकडे पाठवते. तुमच्या लेकीला तार लागली काय, न लागली काय, माझ्या गल्ल्यात फरक पडत नाही. आणि पत्रावरून दात तपासता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

तुमच्या दोन्ही प्रश्नांत एक गोष्ट न बोलता धरलेली आहे: तार लावायचं एक बरोबर वय असतं, आणि ते हुकलं की गाडी सुटली. असं एक वय नसतं. दोष कोणता आहे त्यावर त्याची वेळ ठरते, आणि एकाच तोंडात दोन दोष असले तर त्यांच्या वेळाही दोन असू शकतात. तुमच्याकडे तसंच झालेलं दिसतंय. म्हणून ते दोन डॉक्टर एकमेकांच्या उलट बोलतायत असं वाटलं, तरी आपापल्या जागी दोघंही बरोबर असू शकतात.

मुळात दात वेगळे आणि जबडा वेगळा. दात म्हणजे काँक्रीटमध्ये पुरलेला खांब नव्हे. त्याच्यावर हलका दाब सतत राहिला की दाबाच्या बाजूचं हाड झिजतं, मागच्या बाजूला नवं हाड भरतं आणि दात सरकतो. हे पंधराव्या वर्षी होतं आणि पस्तिसाव्या वर्षीही होतं. हिरड्या निरोगी असतील तर चाळिशीतल्या बायकाही तार लावतात (हे वाक्य तुमच्यासाठी आहे, ताई, पण त्यावर शेवटी बोलू). जबड्याचं तसं नाही. तो वाढतोय तोवरच त्याच्या वाढीला वळण लावता येतं. वाढ संपली की मग शस्त्रक्रिया. ‘उशीर झाला’ हा शब्द खरा लागू पडतो तो जबड्याच्या दोषांना. नुसते दात वाकडे असतील तर वर्ष-दोन वर्षांनी फारसं बिघडत नाही.

आता ती फट. सातव्या-आठव्या वर्षी वरचे पटाशीचे पक्के दात येतात, ते त्या इवल्या चेहऱ्यावर फावड्यासारखे दिसतात, पंख्यासारखे बाहेर पसरतात आणि मधे फट राहते. त्याचं कारण वर हाडात दडलेलं असतं. सुळे अजून उतरायचे असतात. उतरता उतरता ते शेजारच्या दातांची मुळं मधल्या रेषेकडे ढकलत असतात. मुळं आत गेली की टोकं बाहेर फाकणारच. मग अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे खाली येतात आणि तेच सुळे आता टोकांना आत दाबतात. बहुतेक मुलांची फट तेव्हा आपोआप मिटते. आमच्या पुस्तकांत या अवस्थेचं नावच ‘कुरूप बदकपिल्लाची अवस्था’ असं आहे. फट दोन मिलीमीटरच्या आसपास असेल तर मी त्यासाठी आज एक रुपयाही खर्च करणार नाही. त्याहून बरीच मोठी असेल तर एक एक्स-रे काढून मधे एखादा जादा दात तर दडलेला नाही ना, किंवा शेजारचा दात मुळात आहे ना, एवढं पाहावं. ‘ओठाची शीर (वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारा पडदा) जाड आहे, ती कापून टाकू’ असं कुणी म्हटलं तर सुळे येईपर्यंत थांबायला हरकत नाही.

खालच्या दाटीचंही थोडंफार असंच. खालचे पक्के दात कित्येकदा दुधाच्या दातांच्या मागून येतात, दोन रांगा दिसतात, आया घाबरून धावत येतात. दुधाचा दात पडला की जीभ त्या नव्या दाताला हळूहळू पुढे लोटते. थोडी दाटी उरतेच, पण निसर्गाने त्यासाठी जागा राखून ठेवलेली असते. दुधाच्या दाढा रुंद असतात आणि त्यांच्या जागी येणाऱ्या पक्क्या उपदाढा अरुंद. खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला त्यातून साधारण दीड-पावणेदोन मिलीमीटर जागा सुटते. आईने महिनाअखेरीसाठी डब्यात तांदूळ बाजूला काढून ठेवावेत तशी ही जागा आहे.

आणि नेमका इथेच सासूबाईंच्या म्हणण्यातला अर्धा भाग खरा आणि अर्धा भाग महागात पडणारा आहे. ‘पडणारेच दात आहेत’ हे वाक्य मी रोज ऐकते. पडलेला दात छपरावर फेकायचा, नवा येतो, संपलं. पण पटाशीचे दात सातव्या-आठव्या वर्षी पडतात. मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या-अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायच्या असतात. साडेआठ वर्षांच्या मुलीच्या दुधाच्या दाढेला कीड लागली आणि ‘पडणारच आहे’ म्हणून ती काढून टाकली, तर मागची सहाव्या वर्षी आलेली पक्की दाढ त्या रिकाम्या जागेत पुढे झुकते. लोकलमध्ये कुणी उठलं की शेजारचा सरकून बसतो, तशी. मग उपदाढ यायला निघते तर तिची जागा गेलेली. वाकडे दात जन्मजात असतात असं आपण म्हणतो, पण त्यातले काही असे एका न भरलेल्या किडीतून जन्माला येतात. तुमच्या लेकीच्या मागच्या दाढांत काळं काही दिसत असेल तर तारेचा विचार बाजूला ठेवा आणि आधी ते भरून घ्या. दाढ काढावीच लागली तर जागा धरून ठेवणारी छोटी कडी बसवतात, स्पेस मेंटेनर म्हणतात तिला, ती लावूनच घरी या. हा सगळा खर्च पुढच्या तारेच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

जाता जाता: सहाव्या वर्षी सगळ्यात मागे जी दाढ येते, ती कुठलाही दात न पडता येते, म्हणून बरेच पालक तिला दुधाची समजतात. ती पक्की आहे, जन्मभराची. अवघ्या सहा वर्षांच्या मुलाच्या हातात दिलेली जन्मभराची वस्तू. तिच्यावर ब्रश पोचतो का, हे तुम्हीच बघायचं.

आता तो मागच्या बाकावरचा दात.

उद्या सकाळी लेकीला खिडकीपाशी उजेडात बसवा. चहाच्या चमच्याच्या दांड्याने गाल जरा बाजूला धरा. तिला सांगा, जिभेचं टोक मागे टाळूला लाव आणि तसंच ठेवून हळूहळू दात मिट. एकदम नाही, अगदी हळू. पहिला दात कुठे टेकतो ते बघा. तिथून पूर्ण मिटेपर्यंत हनुवटी पुढे किंवा एका अंगाला सरकते का? मग जो खालचा दात वरच्या दाताच्या पुढे उभा राहिलाय, त्याची हिरडी शेजारच्या हिरडीशी ताडून बघा. ती खाली उतरली आहे का, तो दात शेजाऱ्यांपेक्षा लांबट दिसतो का? दोन्ही दातांच्या कडा झिजून सपाट झाल्यात का? यातलं काहीही दिसलं तर हा दात बाराव्या वर्षापर्यंत थांबणारा नाही. आणि काही दिसलं नाही, तरी माझ्या मते थांबू नये.

कारण साधं आहे. दिवसभरात ती जेवढ्या वेळा चावते, तेवढ्या वेळा वरचा दात खालच्याला बाहेर लोटतो. खालच्या दाताच्या पुढचं हाड पातळ असतं, ते आणि हिरडी हटायला लागते. शिवाय दात अडतो म्हणून मूल जबडा थोडा सरकवून मिटायची सवय लावून घेतं, आणि वाढत्या वयात सवयीप्रमाणे जबडा वाढायची भीती असते. याउलट उपाय छोटा आहे. दातासाठी जागा पुरेशी असेल तर बहुतेक वेळा टाळूला बसणारी, काढता-घालता येणारी एक प्लेट आणि तिच्यात त्या दातामागे बारीक स्प्रिंग; किंवा पुढच्या चारच दातांना थोड्या दिवसांसाठी तार. काही महिन्यांत दात पुढे येतो. एकदा खालच्याच्या पुढे येऊन बसला की मग खालचाच दात त्याला परत मागे जाऊ देत नाही.

म्हणजे ‘आत्ता सुरू करू’ म्हणणारे डॉक्टर बहुधा या दाताबद्दल बोलत असावेत आणि ‘बारा वर्षांची झाली की या’ म्हणणारे फटीबद्दल आणि दाटीबद्दल. दुसऱ्यांकडे हा दात कदाचित बघायचाच राहिला असेल. मूल खुर्चीत ‘आ’ करून बसतं. मिटलेलं तोंड बघायचं आमच्यासारख्यांकडूनही कधी कधी राहून जातं.

मात्र त्या एका दातासाठी ४५,००० हा आकडा मला जास्त वाटतो. कदाचित त्यांनी वरचा जबडा रुंद करायचं कामही त्यात धरलं असेल. मागच्या दाढासुद्धा आतून चावत असतील तर ते काम लहान वयातच सोपं जातं, आणि मग आकड्याला कारण आहे. पण ते तुम्हाला विचारावं लागेल. संकोच करू नका. डॉक्टरांना विचारायचा माझा आवडता प्रश्न एकच आहे: ‘आत्ता नाही केलं आणि वर्षभर थांबलो, तर नेमकं काय बिघडेल?’ ‘हिरडी उतरेल’, ‘जबडा एका बाजूला वाढेल’, ‘दात बाहेर आहेत, पडली तर तुटतील’, ‘अमुक दाताची वाट बंद होईल’, ही उत्तरं झाली. ‘लवकर केलेलं बरं असतं’ हे उत्तर नाही. ‘या महिन्यात सवलत आहे’ हे तर मुळीच नाही. त्याला जोडून दुसरा प्रश्न: आत्ताच्या टप्प्यामुळे पुढची तार टळेल, कमी होईल, की ती तशीच्या तशी लागणार? प्रामाणिक डॉक्टर सांगतील की पुष्कळदा ती लागतेच. मग दोन्ही टप्प्यांचा एकूण खर्च आणि एकूण वर्षं आजच कागदावर मागा. ‘दुसऱ्याचं नंतर बघू’ हे मला पटत नाही.

तारेचा विषय निघाला की सात आणि बारा हे दोन आकडे कानावर पडतात; ते येतात कुठून, तेही सांगते, कारण त्यांच्यामुळेच निम्मा गोंधळ आहे. अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स ही तिकडच्या तज्ज्ञांची संघटना सांगते की मुलाची पहिली ऑर्थोडॉन्टिक तपासणी सातव्या वर्षापर्यंत व्हावी. तपासणी! ते वाक्य इन्स्टाग्रामवरून फिरत फिरत आपल्याकडे येईपर्यंत ‘सातव्या वर्षी सुरुवात करा’ असं होऊन येतं. सातव्या वर्षापर्यंत पहिल्या पक्क्या दाढा आणि पुढचे काही दात आलेले असतात, पुढे काय वाढून ठेवलंय त्याचा अंदाज येतो, म्हणून ते वय. तपासलेल्या बऱ्याच मुलांना ‘वर्षाने या’ एवढंच सांगायचं असतं. बाराच्या सुमारास सुळे, उपदाढा येऊन बहुतेक सगळे पक्के दात हाताशी असतात, म्हणून पूर्ण तार तेव्हा. साधारण दीड-दोन वर्षं ती चालते. दोन्ही आकडे खरे आहेत, कामं वेगळी आहेत.

‘बारा वर्षांची झाली की या’ यातही एक खोट आहे, आणि ती मला माझ्या चुकीतून कळली. सुरुवातीच्या वर्षांत एका दहा वर्षांच्या मुलाच्या आईला मी असंच म्हटलं होतं, ‘येतील हो सुळे, वाट बघा.’ चौदाव्या वर्षी ती त्याला घेऊन आली तेव्हा दुधाचा सुळा अजून जागेवर होता आणि पक्का सुळा वर टाळूत आडवा झोपला होता. टाळू उघडून, त्या दाताला साखळी लावून तो खाली ओढावा लागला. सगळं मिळून तीनेक वर्षं गेली. दहाव्या वर्षी मी त्याच्या हिरडीवरून नुसतं बोट फिरवलं असतं, सुळ्याचा उंचवटा लागत नाही हे लक्षात आलं असतं आणि एक एक्स-रे काढला असता, तर कदाचित दुधाचा सुळा वेळेवर काढण्यावर भागलं असतं. तेव्हापासून मी कुणालाही नुसतं ‘थांबा’ म्हणत नाही, पुढच्या भेटीची तारीख देते. तुम्हीही दुसऱ्या डॉक्टरांकडून ती मागून घ्या. दर सहा ते बारा महिन्यांनी एक फेरी, आणि दहाव्या वर्षी सुळ्यांची खास चौकशी. पहिल्या डॉक्टरांनी ओपीजी, म्हणजे सगळे दात एकत्र दिसणारा मोठा एक्स-रे, काढला असेल तर त्याची प्रत घ्या आणि तीच सगळीकडे दाखवा. प्रत्येक दवाखान्यात नवा काढायची गरज नाही.

तुमच्या पत्राच्या निमित्ताने, इतर घरांतले दोन-तीन प्रसंग. खालचा अख्खा जबडाच पुढे, सगळे खालचे दात वरच्यांच्या पुढे, घरात आजोबा-काकांचीही हनुवटी तशीच: अशा मुलाला मात्र सात-आठव्या वर्षीच न्या. वरच्या जबड्याला पुढे ओढणारा मुखवट्यासारखा एक साचा असतो, तो बाहेरून लावतात, आणि त्याचा उपयोग साधारण दहाव्या वर्षाच्या आत जास्त होतो. इथे आजीचं ‘होईल नीट’ ऐकायचं नाही.

वरचे दात बरेच पुढे आलेत, ओठ मिटत नाहीत, ही आपल्याकडची नेहमीची तक्रार. त्याबद्दल कोक्रेन या संस्थेने जगभरच्या चाचण्या एकत्र करून २०१८ मध्ये आढावा काढला. लहानपणी एकदा आणि पौगंडावस्थेत पुन्हा असे दोन टप्पे केले काय, किंवा पौगंडावस्थेत एकदाच केलं काय, शेवटचा निकाल सारखाच. फायदा एकच दिसला: लवकर केलेल्या मुलांचे पुढचे दात पडून-आपटून तुटण्याचं प्रमाण कमी. तेव्हा मूल सायकल, कबड्डी, झाडावर चढणं असलं असेल आणि दात खरोखरच छपरासारखे बाहेर असतील, तर लवकर करण्याला अर्थ आहे. ट्विन ब्लॉक नावाची जी प्लेट खालचा जबडा पुढे आणायला देतात, ती स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये केली, तीही एका दंतवैद्य मित्राच्या मुलाचा पुढचा दात पडून निखळला म्हणून. ती लागू पडते उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात. मुलींमध्ये पाळी सुरू होण्याच्या आधीचं वर्ष-सव्वा वर्ष, मुलांमध्ये त्यानंतर साधारण दोन वर्षांनी. डॉक्टर पाळीबद्दल विचारतात ते त्यासाठी. वडिलांनी खुर्चीत चुळबुळ करू नये. त्याहून सोपं म्हणजे दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी पेन्सिलने उंचीची खूण करा. खुणांमधलं अंतर एकदम वाढलं की दाखवायची वेळ झाली.

अंगठा चोखणारं मूल सहा वर्षांचं झालं, पक्के दात यायला लागले, तरी सवय सुटली नसेल तर डॉक्टरांची मदत घ्या. अंगठ्याला कडुनिंबाचा रस फासून आणि चारचौघांत लाजवून ती सहसा सुटत नाही, रात्री पांघरुणात जाते. आणि जे मूल झोपेत तोंड उघडं टाकून घोरतं त्याला आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.

परत तुमच्याकडे येते. ज्या प्लेटबद्दल मी बोलले ती तोंडात राहिली तरच काम करते, आणि साडेआठ वर्षांच्या मुलांच्या प्लेटा कुठे जातात ते मला ठाऊक आहे. मधल्या सुट्टीत काढायची, पोळीच्या रुमालात गुंडाळायची, आणि घरी आल्यावर रुमाल बादलीत. एका मुलाची प्लेट तर आईने झटकलेल्या कागदी रुमालाबरोबर घंटागाडीत गेली. तेव्हा डबी द्या, भडक रंगाची, दप्तराला बांधलेली. जेवताना प्लेट काढायची की नाही हे डॉक्टरांनाच विचारा, कारण काही प्लेटा जेवतानाही ठेवायच्या असतात. पुढे बाराव्या वर्षी पूर्ण तार लागलीच, तर चिक्की, ऊस, कडक चकली आणि कणीस दाताने सोलून खाणं दीड-दोन वर्षं बंद. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात तिळाच्या वडीने ब्रॅकेट (तार धरून ठेवणारा, दातावर चिकटवलेला तुकडा) निघालेली मुलं दवाखान्यात रांग लावतात. आणि तार निघाल्यावर रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारा साचा, वापरावा लागतो, नाहीतर दात परत आपल्या गावाला जायला निघतात. हा खर्चही आधीच विचारून ठेवा.

पैशाचं ओझं वाटत असेल तर दंत महाविद्यालयाच्या ऑर्थोडॉन्टिक्स विभागात दाखवा. नाशकातही महाविद्यालय आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी आहेत, गोव्याच्या वाचकांसाठी बांबोळीला. पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या नजरेखाली काम करतात, खर्च खाजगीपेक्षा बराच कमी येतो. वेळ मात्र जातो. दर चार-सहा आठवड्यांनी फेरी, आणि प्रत्येक फेरीत अर्धा दिवस, म्हणून जे जवळ असेल तेच निवडा. कुठेही गेलात तरी समोरचे डॉक्टर याच विषयातले एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी घेतलेले) आहेत ना, हे विचारायला लाजू नका.

आता तोंडावरच्या हाताबद्दल. ताई, तुमच्या पत्रात लेकीच्या दातांबद्दल बरंच आहे, पण लेकीचं स्वतःचं म्हणणं एकाच ओळीत आहे: ती त्या फटीतून शिट्टी वाजवते. तिला फट नकोय असं तिने म्हटल्याचं मला कुठे सापडलं नाही. ‘खिडकी’ ऐकून ती रडून घरी आली का, की ते वाईट तुम्हाला वाटलं? दोन्हीला किंमत आहे, पण औषध वेगळं आहे. तिला खरंच लागत असेल तर बाईंशी बोला. चिडवणं थांबवायला तार हा फार लांबचा रस्ता झाला. आणि ती मजेत असेल तर घरात, तिच्या देखत, ‘हिचे दात’ हा विषय जरा कमी करा. जाऊबाईंच्या फोनवर स्पीकर लावू नका. आठ वर्षांची मुलगी आरशात बघून स्वतःचे दात ठरवत नाही, आई तिच्या तोंडाकडे कशी बघते त्यावरून ठरवते. तोंडावर हात धरायला तुम्ही जिथून शिकलात, तिथून.

तुमचे स्वतःचे दात ज्या दिवशी दाखवायचे असतील त्या दिवशी दाखवा. वय गेलेलं नाही, हे वर सांगितलंच आहे.

आणि सध्यापुरतं: या आठवड्यात चमच्याचा तो प्रयोग करा, मागच्या दाढा बघा. मग पहिल्याच डॉक्टरांकडे परत जा आणि म्हणा, फट आणि दाटी सुळे येईपर्यंत राहू दे, आम्हाला फक्त आत जाणाऱ्या दाताचं काम करायचंय, त्याचा वेगळा खर्च सांगा. ते तयार नसतील तर दुसऱ्यांना तोच दात, तोंड मिटवून, दाखवा. दिवाळीच्या सुट्टीआधी प्लेट बसली तर सुट्टीत घरीच सवय होईल. पहिले चार दिवस ‘स’ आणि ‘श’ बोबडे येतील, हसू नका. शिट्टीही वाजणार नाही कदाचित, पण प्लेट काढल्यावर वाजेल. सुळे यायला अजून दोन-तीन वर्षं आहेत.